हात दिला म्हणजे नेमकं काय केलं

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पंचवीस वर्षं घालवलेल्या बाईला कुणी "सगळं व्यवस्थित आहे" असं सांगितलं, की तिच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा माझ्यापासून काय लपवतोय? माझं तसंच आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधून काढणं हाच माझा धंदा, आणि खोटं कशाला बोलू, मला तो मनापासून आवडतो. ऑफिसातली पोरं मला टरकून असतात. पुण्याला असणारा माझा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, तुला देव भेटला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील." मागेन की. का मागू नये?

असल्या स्वभावाच्या बाईचे हात गेले.

साधा ताप आला होता. ताप उतरला आणि दोन्ही खांदे असे ठणकायला लागले की कूस बदलता येईना. पंधरा दिवसांनी ठणका थांबला. म्हटलं, सुटले बाई एकदाची. सकाळी चहाचा कप उचलायला गेले तर उजवा हात जागचा हललाच नाही. आठवड्याभरात डावाही गेला. डॉक्टर म्हणाले, खांद्यातल्या नसांना सूज येऊन त्या निकामी झाल्यात, काहींच्या परत येतात. तीन वर्षं झाली, माझ्या आल्या नाहीत. हात आहेत. दिसतात, गार पडतात, डास चावला की कळतंसुद्धा. फक्त माझं ऐकत नाहीत.

मी बेंगळुरूत जयनगरला पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहते, एकटी. लग्न केलं नाही, त्याची हळहळ नाही. हात गेल्यावर भाऊ धावत आला, महिनाभर राहिला आणि मला पुण्याला न्यायचं ठरवूनच टाकलं. मी नाही म्हटलं. त्याच्या घरात मला काय कमी पडणार होतं? काहीच नाही. सगळं हातात मिळालं असतं. पण तिथं मी पेशंट असते, इथं मी माझ्या घरची मालकीण आहे. बरीच भांडाभांडी झाली आणि शेवटी त्यानं अट घातली. दिवसभर सांभाळणारी बाई असेपर्यंत मी बेंगळुरूला राहायचं. ती ज्या दिवशी काम सोडेल, त्या आठवड्यात बॅग भरून पुण्याला. मी कबूल केलं, कारण दुसरा इलाजच नव्हता.

म्हणजे माझं घर एका बाईवर टिकलं होतं. त्या बाईला मी अक्का म्हणते. इथं सगळेच सगळ्यांना म्हणतात. वयानं ती माझ्याहून सहासात वर्षांनी लहानच असेल. सकाळी आठला यायची, संध्याकाळी पाचला जायची.

घराचं म्हणाल तर आम्ही दोघींनी मिळून ते पार बदलून टाकलं. दिव्यांची बटणं गुडघ्याच्या उंचीवर घेतली. इलेक्ट्रिशियन अण्णा विचारत होता, घरात लहान मूल आहे का? म्हटलं, आहे, एक्कावन्न वर्षांचं. दारांच्या कड्यांना जुन्या ओढणीच्या पट्ट्या बांधल्या, पायाचा अंगठा अडकवला की दार उघडतं. संगणकाचा माउस पायानं चालतो, टायपिंग तोंडानं बोलून होतं, आणि ते यंत्र चुकीचं ऐकतं तेव्हा मी दातात धरायची एक काडी घेऊन एकेक अक्षर दाबते. बाथरूमच्या चौकटीवर नाकाच्या उंचीला एक मऊ ब्रश ठोकलाय. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, नाक खाजलं की मी इथं नाक घासते. बिचाऱ्यांना हसावं की नाही ते कळत नाही.

माझ्या सगळ्या कुर्त्यांना पोटावर एक भलाथोरला खिसा आहे. ती कल्पना अक्काची. हात नुसते लोंबत राहिले की खांदे निखळल्यासारखे दुखतात, म्हणून कपडे घातले की ती माझे दोन्ही हात उचलून त्या खिशात ठेवायची. रस्त्यानं चालले तर लोकांना वाटतं, काय ऐटीत चाललीय बाई! रिक्षात मात्र ऐट उतरते. धरायला हात नाहीत, मग मी मधोमध बसते आणि दोन्ही पाय पुढच्या पत्र्याला टेकवते. खड्डा दिसला की अक्का आपला हात माझ्या छातीपुढे आडवा धरायची आणि रिक्षावाल्याला ओरडायची, "स्वल्प निधान, अण्णा!" म्हणजे जरा हळू.

पोळी मी स्वतः खाते. तिची गुंडाळी करून स्टँडच्या चिमट्यात अडकवली की वाकून तोडता येते. भात मात्र भरवावाच लागतो. पहिल्या दिवशी तिनं भरवायला घास पुढे केला तेव्हा मला रडूच आलं, आणि रडू पुसायलाही तीच. काय लाज वाटली म्हणून सांगू! आंघोळीची लाज आठ दिवसांत गेली, पण भरवून घ्यायची जायला वर्ष लागलं.

तिच्यावर विश्वास होता का? प्रश्न चुकीचा आहे. मी तिला तपासत होते. एकच गोष्ट दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायची, काल कुठली गोळी दिली ते आज परत विचारायचं, कपाटाचं दार मुद्दाम अर्धवट उघडं ठेवायचं आणि संध्याकाळी ते तसंच आहे का बघायचं. ती प्रत्येक वेळी पास झाली. सरळ माणसाला एवढ्यानं हायसं वाटलं असतं. माझ्या मनात पाल चुकचुकायची की इतकं बिनचूक कसं?

आमची भाषा म्हणजे खिचडी. तिला हिंदी मोडकंतोडकं येतं, मला कन्नड. माझं कन्नड मी स्वतःच शिकले. युक्ती सोपी होती. वाक्य मनात मराठीत जुळवायचं आणि एकेक शब्द कन्नडमध्ये घालायचा. बरेचदा चपखल बसतं. आपण विचारतो जेवण झालं का, ते विचारतात "ऊट आयिता". आपण निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो, तेही "बर्तीनि" म्हणतात. अशी दहावीस वाक्यं बरोबर निघाली आणि मला फार फुशारकी आली. अक्का कधी चूक काढायची नाही, नुसती हसायची आणि "सरी, मेडम" म्हणायची, म्हणजे बरं.

वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी खालच्या मालकीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. दरवर्षी बोलावतात. अक्कानं मला माझी मोरपंखी साडी नेसवली, पदर नीट पिन करून हात त्याच्याखाली झाकले आणि माझ्यामागे उभी राहिली. दहाबारा बायका होत्या. एकीनं बांगड्या पुढे केल्या आणि माझ्याकडे बघून तशीच थांबली. अक्कानं त्या माझ्या वतीनं घेतल्या. मग एक म्हातारी माझ्याजवळ सरकली आणि अगदी कनवाळूपणे विचारलं, एकटीनं कसं निभावतं गं तुझं?

मला सगळ्यांसमोर अक्काचं कौतुक करायचं होतं. खरंच करायचं होतं. दोन वर्षांत मी तिला कधी बरं म्हटलं नव्हतं, तोंडावर तर नाहीच. मी मनात वाक्य जुळवलं. माझे हात गेले, तेव्हा हिनं मला हात दिला. मग एकेक शब्द बदलला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ई अक्का ननगे कै कोट्टळु!"

मालकीणबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली. म्हातारीनं माझ्यावरून नजर काढून मागं अक्काकडे पाहिलं. मला वाटलं, भारावल्या सगळ्या! मी आपली मान डोलवून पुन्हा एकदा म्हणाले, "हौदु, कै कोट्टळु." हो हो, दिला हात. वर येताना अक्का एक अक्षर बोलली नाही. मी म्हटलं, लाजली असेल.

दुसऱ्या दिवसापासून तिचं वागणं बदललं.

बोलणं बंद. सांगितलं तेवढंच करायचं, त्याच्या पलीकडं काडी हलवायची नाही. पूर्वी भरवताना ती शेजारपाजारच्या सतराशे गोष्टी सांगायची, आता घास पुढे करून भिंतीकडं बघायची. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, पाच वाजता निघताना माझ्यासमोर येऊन स्वतःची पिशवी उघडी करून दाखवायला लागली. डबा, छत्री, पाण्याची बाटली. एकेक वस्तू वर काढून दाखवायची, परत ठेवायची आणि "बर्तीनि" म्हणून जायची. मी काही विचारलं नव्हतं हो! न विचारता कुणी खिसे उलटे करून दाखवायला लागलं तर तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं, काहीतरी काळंबेरं आहे. पिशवी दाखवतेय म्हणजे पिशवीत नसलेलं काहीतरी लपवतेय.

दुपारी माझी मीटिंग असली की ती बाल्कनीत जाऊन फोनवर बोलायची. आधीही बोलायची, पण दार उघडं असायचं, आवाज मोठा असायचा. आता दार ओढून घ्यायची आणि हळू आवाजात बोलायची. काचेतून मला तिची पाठ दिसायची. एकदा ती डोळे पुसताना दिसली. आणि एका दुपारी ती आत भांडी घासत असताना टेबलावर तिचा फोन वाजला. मी वाकून पाहिलं. भावाचा नंबर. माझ्या भावाचा! माझ्याशी आठवड्यातून एकदा बोलणारा माणूस माझ्या बाईला कशाला फोन करतो?

झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. भावानं तिला फितवलंय. तिला दुसरीकडं काम बघून दिलंय, ती महिन्याअखेर जाणार, आणि मग तो अट पुढे करून मला उचलून नेणार. अहो, काय सुसंगत वाटत होतं ते! मी भावाला फोन करून आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "सगळं व्यवस्थित आहे ना ताई?" बघा. मी म्हटलंच होतं.

तिला सरळ विचारता आलं असतं. आज मलाच माझा राग येतो, पण तेव्हा ते सुचलंच नाही. टेस्टिंग करणारा माणूस प्रोग्रॅमला विचारत नसतो की बाबा रे तुझ्यात काय चुकलंय. पुरावा गोळा करतो.

माझा एक जुना फोन आहे. तो बाल्कनीच्या दाराशी चपलांच्या मांडणीवर चार्जिंगला असतो. काच जुनी, खाली फट आहे. एका मंगळवारी जेवणानंतर ती ताटं उचलत होती तेव्हा मी पायाच्या अंगठ्यानं त्यावर रेकॉर्डिंग चालू केलं, त्यावर टाचेनं एक पायपुसणं ओढलं आणि मीटिंगला जाऊन बसले. मीटिंगमध्ये कोण काय बोललं, शप्पथ आठवत नाही. ती नेहमीप्रमाणं बाल्कनीत गेली, पंधरावीस मिनिटांनी आत आली. पाच वाजता पिशवी दाखवून गेली.

रेकॉर्डिंग चारदा ऐकलं. तिचं खरं कन्नड फार भराभर असतं, माझ्या खिचडीसारखं नाही. मला फक्त "मेडम" कळलं, "पुणे" कळलं, आणि दोनदा, स्पष्ट, "कै कोट्टळु". अंगावर काटा आला. पुणे! म्हणजे माझा अंदाज खरा होता.

ऑफिसात माझी एक मैत्रीण आहे, हुबळीची. तिला कन्नड आणि मराठी दोन्ही घरचं. तिला रेकॉर्डिंग पाठवलं आणि म्हटलं, शब्द न् शब्द सांग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. तिचा आवाज जरा वेगळा होता.

"आधी मला सांग," ती म्हणाली, "तू कुणापुढं असं म्हणालीस का, की हिनं मला कै कोट्टळु?"

"म्हणाले. दहाबारा बायकांपुढं. कौतुक केलं मी तिचं."

"कौतुक? अगं बये, कन्नडमध्ये कै कोट्टळु म्हणजे दगा दिला. ऐन वेळी फसवून सोडून गेली. आपण हातावर तुरी दिल्या म्हणतो ना, तसलं."

मी खाली बसले. म्हणजे बसलेच होते, पण आणखी खाली गेल्यासारखं झालं.

मग तिनं सगळं सांगितलं. अक्का तिच्या बहिणीशी बोलत होती. म्हणत होती, मी ह्यांना न्हाऊ घालते, भरवते, आणि ह्या चारचौघींत म्हणाल्या की मी दगा दिला. एकदा नाही, दोनदा. काय दगा दिला ते तरी सांगावं. चोरी म्हणाव्या तर रोज पिशवी उघडून दाखवते, तरी गप्प. भाऊ पुण्याहून फोन करून विचारतो, ताईला खरंच जमतं का तिथं? मी सांगते, जमतं, राहू द्या इथंच, त्यांना पुण्याला नाही जायचं. आणि ह्या म्हणतात दगा दिला.

मैत्रीण मग म्हणाली, "आणि हे बघ, असलं काही मला परत पाठवू नकोस. मला ऐकताना चोरी केल्यासारखं वाटलं."

रात्र कशी काढली ते सोडा. सकाळी आठला अक्का आली. मी दारातच उभी होते. मैत्रिणीकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती, आणि तिला पहिल्यांदाच "नीवु" म्हणजे तुम्ही म्हणाले. म्हणाले, अक्का, तुम्ही मला सहाय केलंत, सहाय हाच शब्द मला म्हणायचा होता. आमच्याकडं हात देणं म्हणजे मदत करणं. माझी चूक झाली, तप्पायतु.

आधी तिला कळेना. मग मी पुन्हा सांगितलं, मराठीत हात दिला म्हणजे काय, बुडणाऱ्याला हात देतात तसा. ती बघत राहिली. आणि एकदम हसायलाच लागली! पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मलाही हसू फुटलं. दोघी त्या छोट्याशा पॅसेजमध्ये वेड्यासारख्या हसत होतो. तिनं माझ्या गालावरचं पाणी पुसलं, स्वतःचं पुसलं. मला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. घर वाचलं, एवढंच डोक्यात होतं.

ती आत जाऊन पिशवी ठेवून आली आणि हसतहसतच विचारलं, "पण मेडम, मला त्याचं वाईट वाटलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बघा हं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली भोकं शोधली, आणि माझ्या स्वतःच्या माफीत एवढं मोठं भगदाड.

मी म्हटलं, "मालकीणबाईंनी."

"त्यांना मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "कुणालाच बोलले नाही. फक्त बहिणीला."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझा चेहरा ती दोन वर्षं वाचत होती. नाक कधी खाजतंय, पाठ कधी दुखतेय, तहान कधी लागलीय, हे मी न सांगता तिला कळायचं, मग एवढं कळायला कितीसा वेळ लागणार? ती बाल्कनीच्या दाराकडं गेली. चपलांच्या मांडणीवरचा फोन पाहिला. शेजारी पायपुसणं अजून तसंच पडलं होतं. पायपुसण्याची जागा तिथं नव्हती, ती दाराबाहेर होती, आणि ती जागा तिनंच ठरवलेली.

"ऐकलंत?" तिनं विचारलं.

"मला कळलं नाही. मैत्रिणीला पाठवलं."

"तिनंही ऐकलं."

मी कारणं सांगायला लागले. भावाचा फोन, तुझी पिशवी, बंद दार, मला वाटलं तू जाणार, मग मला पुण्याला जावं लागणार. अर्धं हिंदीत, अर्धं कन्नडमध्ये, काहीबाही. ती ऐकत होती. मला तिचा हात धरायचा होता. कशानं धरणार? तिच्या पायाला पाय लावला तर ती लाथच झाली असती. मी नुसती उभी, दोन्ही हात खिशात, ऐटीत उभं असल्यासारखी. तो खिसा त्या क्षणी मला फाडून टाकावासा वाटला.

ती म्हणाली ते हिंदी-कन्नड मिसळून होतं, पण मला कळलं. तुम्ही माझ्यासमोर रोज अंगावर कापड नसताना उभ्या राहता. मी कधी बाहेर जाऊन कुणाला एक शब्द सांगितला नाही. माझ्या बहिणीलासुद्धा नाही. मला ह्या घरात तेवढी एक बाल्कनी होती.

त्या दिवशी तिनं सगळं काम नेहमीसारखं केलं. आंघोळ घातली, केस विंचरले, पोळी चिमट्यात लावली, भात भरवला. मी दोनदा म्हटलं, तप्पायतु. ती म्हणाली, सरी, मेडम. पाच वाजता पिशवी उघडून दाखवली नाही. खांद्याला लावली, चप्पल घातली आणि दारात म्हणाली, "होग्तीनि."

येते नाही. जाते. ह्याच्या अर्थासाठी मला हुबळीला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोन लागत होता, उचलला जात नव्हता. मालकीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ वर येऊन भरवलं, आंघोळीला मीच नको म्हटलं. तिसऱ्या दिवशीही नाही. ताटात तोंड घालून थंड उपमा खाल्ला आणि भावाला फोन केला. सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगचंही. मला वाटलं तो जिंकल्यासारखा बोलेल. तो म्हणाला, "ताई, ती मला नेहमी म्हणायची, मेडम इथंच बऱ्या आहेत. मी मंगळवारी येतो तुला घ्यायला." मी बरं म्हटलं. भांडायला तोंडच नव्हतं.

सोमवारी सकाळी बरोबर आठला बेल वाजली. अंगठ्यानं दार उघडलं. अक्का उभी होती, आणि तिच्यामागे एक तिशीतली बाई. अक्कानं सांगितलं, ही माझ्या नात्यातली, चांगली आहे, उद्यापासून ही येईल. मी तीन दिवस हिला शिकवते आणि मग जाते.

"आणि तू?" मी म्हटलं. तुम्ही म्हणायचं होतं, तोंडातून तूच गेलं.

"नको मेडम. आता मी इथं काही बोलले की मला तो फोन आठवेल."

मी भावाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

तीन दिवस अक्कानं त्या बाईला माझं सगळं शिकवलं. मी खुर्चीत बसून बघत होते. पोळीची गुंडाळी किती घट्ट असावी, कारण ढिली असली की भाजी हनुवटीवर सांडते आणि ह्या चिडतात. हात खिशात ठेवताना आधी डावा, डाव्या खांद्याला जास्त दुखतं. केसांना तेल लावताना मान मागं टेकवायची नाही, चक्कर येते. मीटिंग चालू असताना नाक खाजलं तर उजवी भुवई वर जाते, तेव्हा न विचारता रुमाल न्यायचा. माझ्या भुवईचं मला स्वतःला माहीत नव्हतं. मला तर वाटायचं, मी तिला तपासतेय.

शेवटच्या दिवशी आंघोळीच्या वेळी नवी बाई जरा घाईनं मागून आली आणि माझ्या खांद्यावर पाणी ओतलं. मी दचकले, ओरडलेच तिच्यावर. ती बिचारी गोंधळून तांब्या धरून उभी राहिली. अक्कानं तिच्या हातातून तांब्या घेतला, तिला बाजूला ओढलं आणि माझ्याकडं न बघता हलक्या आवाजात सांगितलं, "हेळि माडु. हेळ्दे माडिद्रे हेदर्कोतारे."

सांगून कर. न सांगता केलंस तर त्या घाबरतात.

आयुष्यभर सगळे मला संशयी म्हणत आले, भाऊ, ऑफिसातली पोरं, मी स्वतः. मी तशीच उघडीवाघडी, ओली, बाथरूममध्ये उभी होते, आणि अक्का सांगत होती, "आता पाणी घालते हं, मेडम, पाठीवर." मी हो म्हटलं आणि तिनं पाणी घातलं.